लगबग

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात रवींद्रला त्याच्या नोकरीवरून कोणी ओळखत नसे. तो प्रोग्रॅमर होता, आणि तसे तिथे ढिगाने होते. ओळख होती ती त्याच्या अक्षराची. घरांच्या किमती आणि मुलांची कॉलेजं या गप्पांना विटलेल्या या गृहस्थाने कित्येक हिवाळे बेसमेंटमध्ये बसून देवनागरीचा एक फॉन्ट तयार केला. जाडजूड आणि उजवीकडे झुकलेला. शिरोरेषा सरळ आडवी, पण तिच्याखालचे सगळे दंड कललेले. बारीक केला की ‘भ’चं पोट बुजायचं आणि काही म्हणता काही वाचता यायचं नाही. बॅनरवर हातभर मोठा केला, की मात्र रस्त्यापलीकडचा माणूसही वळून बघायचा.

त्याची बायको शुभा ही या फॉन्टची परीक्षक. तो प्रिंट काढून किचनच्या भिंतीला चिकटवायचा आणि ती तव्यावरची पोळी सोडून पार पलीकडच्या दारात जाऊन उभी राहायची.

“दिसतंय का?” तो विचारायचा.

“दिसतंय. पण ही सगळी एवढ्या लगबगीने निघालीत कुठे?”

त्यावरून फॉन्टचं नाव ‘लगबग’ पडलं.

मग तो सगळीकडे दिसू लागला. गणपतीचे फ्लायर, नाटकांची पोस्टर्स, ढोलपथकाचे टी-शर्ट. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका मिठाईवाल्याने मोदकांची जाहिरातसुद्धा त्यातच केली. रवींद्र फॉन्ट फुकट द्यायचा, पण एका अटीवर: हे सणाचं अक्षर आहे, दुःखाच्या जागी वापरायचं नाही. एखादा नियम असला की माणसाला आपण कलावंत असल्यासारखं वाटतं, तसं त्यालाही वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी जगन्नाथ काकांची बायको वारली. मुलाकडे राहायला आलेलं हे म्हातारं जोडपं. काकू दर श्रावणात मंडळाची मंगळागौर बसवायच्या, जीन्समधल्या पोरींकडून फुगड्या घालून घ्यायच्या. मंडळाचा सेक्रेटरी अवधूत याचा रवींद्रला फोन आला.

“काका म्हणतायत, काकूंच्या शोकसभेच्या बॅनरला तुझा फॉन्ट यूज करू या.”

“नको यार. सेलची पाटी वाटेल ती. दुसरा एखादा साधा टाक ना.”

फोन ठेवून तो जेवायला बसला. शुभाने वाढलं, आणि मग म्हणाली, “माणूस गेल्यावर तरी नियम सांगू नयेत रे.”

त्याला राग आला. हिला फॉन्टमधलं काय कळतं, असं वाटलं. जिने याच्या भिंतीकडे बघण्यापायी इतक्या पोळ्या करपवल्या, तिला म्हणे काय कळतं.

मागच्या हिवाळ्यात शुभाला कॅन्सर निघाला, तोही फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. खिडकीबाहेर बर्फ पडत असताना ती एका दुपारी म्हणाली, “माझ्या वेळी लगबगच लाव. ते कुणाचंही चालेल असलं अक्षर मला नको.”

“असं बोलू नकोस.”

“कबूल कर.”

त्याने कबूल केलं. बर्फ वितळायच्या आत ती गेली.

शोकसभा लायब्ररीच्या हॉलमध्ये ठरली. आदल्या दिवशी त्याच्या लॅपटॉपवर आईचं नाव बघून इशिता, त्याची मुलगी, रडकुंडीला आली. “बाबा, सीरियसली? इट लुक्स लाइक अ सेल.” त्याचेच शब्द त्याला परत मिळाले. त्याने अक्षरांचा कल काढून पाहिला, तर ती पाठीला फळी बांधल्यासारखी ताठ झाली. शुभा त्यात कुठेच नव्हती. त्याने कल परत दिला. आपल्या हातून तिचं हसं होईल याची त्याला भीती वाटत होती. आणि शब्द मोडला तर जाब विचारायला ती येणार नाही, हे त्याहून असह्य होतं.

सभेच्या दिवशी तो आधीच हॉलवर गेला आणि प्रोजेक्टर लावला. पडदाभर नाव उमटलं, शुभा. पडद्यावरची नजर न काढता सवयीने त्याच्या तोंडून गेलं, “दिसतंय का?”

ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने टेबल धरलं.

“दिसतंय,” मागच्या दारातून आवाज आला. जगन्नाथ काका लवकर आले होते. अंगात जाड कोट, कानावर लोकरीची टोपी. “इथपर्यंत छान दिसतंय.”

“काका, सेलसारखं नाही ना वाटत?”

“छे रे. आमच्या हिचंही नाव एकदा असं बघायचं होतं. मंगळागौरीच्या पोस्टरवर अक्षर तुझं असायचं, राबायची ती. नाव कधी आलं नाही. म्हणून म्हटलं होतं अवधूतला.”

काकांच्या आवाजात राग नव्हता. असता तर रवींद्रला बरं वाटलं असतं. त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि त्याचे हात थांबले. या बाईच्या हातचे पोहे त्याने वर्षानुवर्षं खाल्ले होते. तिला तो फक्त काकू म्हणत आला होता.

“काका, काकूंचं नाव काय?”

“शोभा.”

त्याने टाइप केलं. शुभाच्या शेजारी दुसरं नाव आलं, तसंच ठळक, तसंच झुकलेलं. काका अजून दारातच उभे होते.

“दिसतंय का, काका?”

काका पुढे आले नाहीत. त्यांनी टोपी काढली, चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आता नाही दिसत रे,” ते म्हणाले.