झाडांना झोपवणाऱ्या हमीदाबाई

मी त्यांना प्रथम पाहिले ते पौषातल्या एका सकाळी. अंगणात लाकडी स्टूल मांडून त्यावर त्या उभ्या होत्या आणि एका चांगल्या, निरोगी झाडाची पाने एकेक करून तोडत होत्या. कीड नव्हती, रोग नव्हता. खाली हिरव्या पानांचा ढीग साचला होता आणि वरचा अर्धा शेंडा उघडा पडला होता. बदली होऊन मी अहेरीला आले होते आणि त्यांच्या शेजारचे घर भाड्याने घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. झाडाचे अन्न पानात तयार होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला असले दृश्य पाहवत नाही. मी कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन म्हटले, "अहो बाई, एवढे चांगले झाड आहे. पाने का काढता?"

त्यांनी हात थांबवला नाही. "चांगलं हाय म्हूनच काढून राह्यली जी. थंडी आली अन् हे अजून जागंच हाय. झोपलं नाई तं उठन कसं?"

ते झाड आलुबुखाऱ्याचे होते. शेजारी तसेच दुसरेही होते. सुका आलुबुखारा आपण किराणा दुकानात पाहतो, पण त्याचे झाड आमच्या भागात कुणी लावत नाही, कारण ते थंड मुलखाचे झाड आहे. हिवाळ्यात ते पाने टाकून झोपी जाते आणि थंडीचे पुरेसे दिवस मिळाले म्हणजेच जागे होऊन फुलते. आमची थंडी महिना-दीड महिन्याची. झोपावे की जागे राहावे हे झाडाला समजत नाही, आणि अर्धवट झोपेत ते फुलतही नाही. हमीदाबाईंचा भाऊ ट्रक चालवीत असे. त्याने उत्तरेकडच्या, डोंगरपायथ्याच्या तराईतल्या एका रोपवाटिकेतून कमी थंडीत फुलणाऱ्या दोन जातींची दोन रोपे ओल्या पोत्यात गुंडाळून आणली होती. रोपवाटिकेच्या माळ्याने सांगितलेल्या दोनच गोष्टी त्याने बहिणीला सांगितल्या: झाडे जोडीने लाव, आणि गरम मुलखात पाणी तोडून पाने हाताने काढ. दुसरीपर्यंत शिकलेल्या हमीदाबाईंनी या दोन वाक्यांवर वर्षानुवर्षे काम केले. मी मोठमोठ्या पुस्तकांवरही इतके केलेले नाही.

त्यांचा धंदा बांगड्यांचा. आठवडी बाजारात त्यांची पेटी ठरलेल्या जागी असे, आणि इतर दिवशी त्या घरोघर फिरत. संक्रांतीला मी त्यांच्याकडून बांगड्या भरून घेतल्या. त्यांनी माझा हात हाती घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा दोनदा दाबला आणि माप न विचारता बरोबर बांगडी काढली. "आधी हात समजून घ्या लागते," त्या म्हणाल्या. "जोर करनाऱ्याची बांगडी फुटते." झाडाची फांदी छाटण्यापूर्वीही त्या ती अशीच दोन बोटांत धरून दाबत. फांदी कोवळी असली तर सोडून देत, मागे वळून आत वाढत असली तरच कात्री लावत.

पाने काढण्याची रीतही त्यांनी मला शिकवली. मी पान ओढले तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "अवं म्याडम, देठ ठेवा, पान घ्या! देठाच्या बगलेत बाळ हाय." पानाच्या बगलेत कळी असते हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तिला बाळ म्हणण्याचे मला कधी सुचले नव्हते.

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्या दिवसांसाठी हमीदाबाई झाडांच्या खोडांना चुना लावत, पश्चिमेकडून जुन्या लुगड्यांचा आडोसा बांधत आणि बुडाला बारीक छिद्राचे मडके पुरून त्यात रोज पाणी भरत. राघूंना हुसकावण्यासाठी फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून फांद्यांना टांगत. वारा आला की अंगण किणकिणे. समोरच्या घरात राहणारे बळीरामभाऊ, वनखात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक, दर हिवाळ्यात दारातून ओरडत, "काय जी हमीदाबाई, झाडाची हजामत चालू हाय का?" त्या तितक्याच मोठ्याने उत्तर देत, "हाव भाऊ! याचं झालं का तुमचा नंबर लावतो!"

झाडे फुलत. माघ संपता संपता उघड्या फांद्यांवर पांढरी फुले अशी येत की पाने नसल्याचे कुणाच्या ध्यानातही राहू नये. आणि दरवर्षी ती सगळी फुले गळून जात. एकही फळ धरत नसे. माझ्या डोळ्यांदेखत असे चार वर्षे झाले. पाचव्या वर्षी त्यांच्या मुलाने, सलीमने, विषय काढला. तो मोटारसायकलवरून खेड्यापाड्यांच्या बाजारात बांगड्या विकतो. घरात बायको आणि दोन मुली, आणि खोल्या दोनच. तिसरी खोली बांधायला जागा होती ती फक्त झाडांची.

"अम्मी, मिरगाच्या आधी पाया भरा लागते," तो म्हणाला. मी तेव्हा तिथेच बसले होते. "फळ देत नाई, सावली देत नाई. पोरी मोठ्या होऊन राह्यल्या. कुठी झोपवू त्यायले?"

त्याचे म्हणणे चूक नव्हते, आणि हमीदाबाईंनी ते चूक म्हटलेही नाही. त्यांनी एकदा झाडांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "या सालचं फूल पाहू दे. फूल गळल्यावर फांदीले फळ दिसलं नाई, तं कुऱ्हाड तूच आन. मी स्टूल धरीन."

त्या वर्षी मी प्रथमच त्या झाडांकडे शेजारीण म्हणून न पाहता शिक्षिका म्हणून पाहू लागले, आणि एका सकाळी उत्तर सापडले. ते मला पहिल्याच वर्षी सापडायला हवे होते, म्हणून इथे संकोचाने लिहिते. माझ्या अंगणात भिंतीलगत शेवगा आहे. त्याला शेंगा धरतात त्या नेहमी रस्त्याकडच्या फांद्यांना. हमीदाबाईंच्या भिंतीकडच्या फांद्या दरवर्षी रिकाम्या. त्या सकाळी शेवग्यावर मधमाश्या होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून धूर आला आणि भिंतीकडच्या फांद्यांवरच्या माश्या उठून निघून गेल्या. मी वाकून पाहिले. हमीदाबाईंनी दोन्ही झाडांखालचा पाचोळा झाडून गोळा केला होता आणि त्याला काडी लावली होती.

त्यांचे माहेर धानोऱ्याकडचे, रानाला लागून असलेल्या गावातले. मोहफुले वेचणारे लोक फुले पडण्याआधी मोहाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करतात, म्हणजे पहाटे पडलेले फूल नजरेला पडते. लहानपणी मैत्रिणींबरोबर त्या मोह वेचायला जात. झाडाला फूल येणार असले की त्याच्याखाली काडी लावायची, हा त्यांच्या हाताला लागलेला संस्कार होता. ज्या पंधरवड्यात आलुबुखारा फुलत असे, नेमक्या त्याच पंधरवड्यात त्या रोज सकाळी मोठ्या प्रेमाने त्याच्याखाली धूर करत. गल्लीतली बाकीची घरेही त्याच दिवसांत पाचोळा जाळत, त्यामुळे सकाळभर धूर हटत नसे. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेणारी माशी त्या अंगणात उतरतच नव्हती. केवळ धूर हेच कारण होते असे मी शपथेवर सांगणार नाही. पण परागीभवनाचा धडा दरवर्षी शिकवणाऱ्या बाईला भिंतीपलीकडचा धूर चार वर्षे दिसला नाही, एवढे मात्र खरे.

मी त्यांना सांगितले. त्यांच्या हातातला खराटा तसाच राहिला.

"म्हंजे मीच?" त्या म्हणाल्या. "इतके साल मीच हाकलून राह्यली होती त्यायले?"

"तुमच्याइतकीच मीही चुकले. मी रोज पाहत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावतील असे वाटले. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, घागर आणून तो जाळ विझवला आणि विचारले, "अजून किती कळ्या फुटाच्या हाय?"

"निम्म्याहून जास्त."

"मंग रडाले टाइम कुठी हाय?"

त्याच दुपारी बांगड्यांची पेटी घेऊन त्या गल्लीत निघाल्या. मी बरोबर होते. त्यांची युक्ती साधी होती. बाईचा हात हाती घ्यायचा, बांगडी बोटांच्या सांध्यापर्यंत चढवायची आणि तिथेच थांबायचे. "पंधरा दिवस पाचोळा जाळू नोको, बाई. माह्या झाडावर माशी येऊ दे." बांगडी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, अशा अवस्थेत कुणी नाही म्हणत नाही. एकीने हसत विचारले, "अन् नाई म्हनलं तं?" हमीदाबाई म्हणाल्या, "तं बस अशीच सांजेपर्यंत. मले काई घाई नाई."

बळीरामभाऊंना बांगड्या चालणार नव्हत्या. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. "माह्या अंगनात मी काडी लावीन," ते म्हणाले. "तुमच्या माश्यायसाठी कचरा घरात भरू का?"

"भाऊ," हमीदाबाई म्हणाल्या, "जिनगीभर जंगलातला वनवा इझवत धावले तुमी. पाय भाजून घेतले. अन् आता रिटायर झाले तं घरीच वनवा लावता?"

बळीरामभाऊंनी खुर्ची उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपलीभर पाचोळा घेऊन आले आणि तो झाडांच्या बुडाशी ओतून म्हणाले, "घ्या. तुमच्या झाडाचं पांघरून." हमीदाबाईंनी तो हाताने सारखा पसरला. दोन दिवसांनी त्याखालची माती चाचपली, तर ती ओली होती. "पाहा म्याडम," त्या म्हणाल्या, "इतके साल मी याचं पांघरूनच जाळून राह्यली होती."

चौथ्या सकाळी माश्या आल्या. आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून, पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलांसारख्या, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर त्यांना जाताना पाहत राहिलो. फुले गळाली. हमीदाबाई रोज फांदी दोन बोटांत धरून निरखत, पण मोजू देत नसत. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. देठाशी हरभऱ्याएवढी हिरवी गाठ होती.

बरीच फळे उन्हाने गळाली, काही वादळाने पाडली, दोन खारीने नेली. वैशाखात नऊ फळे लालसर झाली. पहिले फळ त्यांनी सलीमच्या हातावर ठेवले. त्याने चावा घेतला आणि एक डोळा मिटला.

"आंबट हाय, अम्मी."

"मंग? मी काय उसाची शेती केली होती का?"

सलीम हसला नाही. त्याने ते फळ बीपर्यंत खाल्ले, बी खिशात टाकली आणि झाडांभोवती एक फेरी मारून घरात गेला. दुसऱ्या दिवशी तो गवंड्याला घेऊन आला. आखणीत खोलीचा एक कोपरा कापला तर झाडे वाचत होती. गवंडी म्हणाला, "खोली वाकडी होईन, भाऊ. पलंग बसनार नाई." सलीम म्हणाला, "पोरी खालीच झोपतेत." ती खोली आजही तशीच आहे, पाच भिंतींची.

पुढे तीन वर्षे झाडे फळली. फळे फार नव्हती, गल्लीत प्रत्येक घरी दोन-दोन पोचतील एवढीच. गेल्या हिवाळ्यात हमीदाबाईंना दम लागू लागला. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितले, तरी पौष लागताच त्यांनी स्टूल मांडले. एक झाड पूर्ण झाले. त्या खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "दुसरं उद्या." दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण करून आडव्या झाल्या असताना, त्या गेल्या.

आठ-दहा दिवस अंगणात एक झाड उघडे आणि एक हिरवे उभे होते. तिकडे पाहणे कठीण झाले होते, पण पौष उलटून चालला होता आणि थंडी कुणासाठी थांबत नाही. एका सकाळी मी भिंतीपलीकडे गेले तर सलीम आधीच स्टुलावर चढलेला होता आणि पाने ओरबाडत होता. मी त्याचा हात धरला. "देठ ठेव, पान घे," मी म्हटले. "देठाच्या बगलेत बाळ आहे." मग फांदी दोन बोटांत धरून त्याने हळूहळू पाने काढायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत झाड उघडे झाले.

माघात पहिले झाड फुलले. दुसरे तसेच उभे राहिले. आठवडा गेला. पहिल्याची फुले झडू लागली, आणि दोन्ही झाडे काही दिवस तरी एकाच वेळी फुलली नाहीत तर फळ नाही, हे आता सलीमलाही ठाऊक होते. शाळेत जाण्यापूर्वी मी रोज भिंतीवरून पाहत असे. गल्लीत त्या दिवसांत धूर नव्हता. कुणीही कुणाला सांगितले नव्हते. बळीरामभाऊ टोपली घेऊन येत, पाचोळा दोन्ही बुडांशी ओतत आणि परत जात.

दहाव्या दिवशी मी वहीत हजेरीचे कागद ठेवत होते, तेव्हा भिंतीपलीकडून सलीमची हाक आली.

"म्याडम, उठलं जी!"