वरचा इजिप्त, खालची वाडी

नाईल नदी मी एकदा उलटी वाहवली आहे. सातवीच्या फळ्यावर, खडूने, अगदी छातीठोकपणे.

तेव्हा मी नुकतीच बीए होऊन जयगडच्या खाडीकाठी एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले होते. वय तेवीस, अंबाडा मात्र चाळिशीचा. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे शाळा समितीचे अध्यक्ष ठरवणार होते, आणि ते एक दिवस पाठ ऐकायला मागच्या बाकावर येऊन बसले.

गावात वाड्या दोन. डोंगराकडची वरची, खाडीकडची खालची. मंडळंही दोन, आणि दोघांच्या पाटीवर नाव एकच: समस्त ग्रामस्थ मंडळ. अध्यक्ष खालच्या वाडीचे. शिमग्यात पालखी आधी वरच्या वाडीत जाते, हे त्यांचं जुनं दुखणं.

मी पाठासाठी इजिप्तच्या पडत्या काळातला एक राजा काढला होता. राज्याचे तुकडे झालेले, जो तो राजा. ह्याचं गाव समुद्राजवळ. हुकूम चालायचा तो सकाळी सोडलेली शेळी तिन्हीसांजेला परत येईल एवढ्याच मुलखात, पण दगडावर कोरून घेतलेलं, 'वरच्या आणि खालच्या इजिप्तचा स्वामी'. शेजारच्या राजानेही तेच कोरलेलं. नकाशात समुद्र वरच्या अंगाला, म्हणून मी तिथे ठळक अक्षरांत लिहिलं, 'वरचा इजिप्त'.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, समुद्र वर असला तर नदी चढत जाते काय?"

गावचा पऱ्ह्या डोंगरातून उतरून खाडीला मिळतो, हे ती रोज बघत होती. मी पदवीधर. म्हटलं, "मोठ्या नद्यांचं वेगळं असतं. बस खाली."

अध्यक्ष उभे राहिले. "म्हणजे बाई, समुद्राकडचे ते वरचे?"

"हो."

"पुस्तकात आहे?"

"आहे तर," मी पुस्तक न उघडताच सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

संध्याकाळी पुस्तक उघडलं. नदी येते ते वरचं, समुद्राला मिळते ते खालचं. नकाशाची वरची बाजू कोणी विचारातच घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशी चूक कबूल करायला अध्यक्षांच्या घरी गेले, तर अंगणात मंडळाची पाटी उतरवून ठेवलेली आणि रंगारी 'समस्त'च्या आधी 'वरची वाडी' लिहीत बसलेला. तरी म्हटलं, "आबा, माझं चुकलं. समुद्राकडचे ते खालचे."

त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्हाला कायम करायच्या कागदावर मी सकाळीच सही केली. आता शिमगा होईस्तोवर नदी वळवू नका."