बाईंनी परत केलेले अहवाल

"अन् मग?"

समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बाई हे विचारायच्या. वाचत असल्या तर ओळीवर बोट दाबून धरायच्या, बोट उचललं तर ओळ पळून जाईल अशा बेतानं.

आठवून बघा, तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील. पाठ केलेलं उत्तर घेऊन गेलात की त्या हमखास पकडायच्या. मला मात्र या बाई पन्नाशी उलटल्यावर भेटल्या, नांदेडबाहेरच्या एका केंद्रात, खिडकीजवळच्या खाटेवर. बरे न होणारे आजार झालेली माणसं तिथं शेवटचे दिवस काढायला येतात. त्यांचं दुखणं कमी ठेवायचं आणि जवळ बसायचं, एवढंच तिथलं काम. बाईंचा कॅन्सर हाडांत उतरला होता. कंधार तालुक्यातल्या शाळांमध्ये त्यांनी जन्मभर चौथीचा वर्ग शिकवला होता.

मी कॉलेजात शिकवतो, सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे. दर रविवारी अकरा विद्यार्थ्यांना मी त्या केंद्रात नेत असे. नेत असे म्हणजे, दारापर्यंत. मुलं आत आणि मी व्हरांड्यात मोबाइल बघत. हे आधीच कबूल करतो.

दुसरी कबुली याहून वाईट आहे. सेवेच्या गुणांसाठी प्रत्येकानं अनुभवाचा अहवाल द्यायचा असतो. मुलं ऐनवेळी गोंधळ घालतात, म्हणून मीच एक नमुना अहवाल लिहून ग्रुपवर टाकला होता. केंद्राची पायरीही चढायच्या आधी! मुलांनी तो इमानदारीनं उतरवून काढला. त्यातली हदगावची शीतल फार सरळ पोरगी. ती बाईंना म्हणाली, "तुमच्यावर लिहिलंय बाई, बघता का?" बाईंनी अकराच्या अकरा अहवाल मागवले.

त्या रविवारी आतून निरोप आला, सरांना पाठवा.

पांघरुणावर अहवाल पसरलेले. मुलं भिंतीला टेकून उभी.

"सर, 'रुग्णांच्या डोळ्यांत मृत्यूची छाया दिसली.' अकरा जणांना एकच छाया?" बाई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तेच दिसलं असंल."

शेजारच्या खाटेवरच्या आजी हसता हसता खोकायला लागल्या.

"पहिल्यांदा कोणी लिहिलं हे?"

मुलांपैकी एकानंही माझं नाव घेतलं नाही.

"मी," म्हणालो.

"नापास! सगळे. तुम्हीबी." असं म्हणताना बाईंचा चेहरा इतका उजळला, की आपल्याला नापास केलंय हे मी क्षणभर विसरलो. "मरण-बिरण राहू द्या. ह्या आजी कोणाला हाका मारतात? मी काल काय खाल्लं? एक पान लिहून आणा. सोताच्या डोळ्यानं बघितलेलं."

आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून वॉर्डाची शाळा झाली! मुलं वह्या घेऊन या खाटेकडून त्या खाटेकडे धावत होती. वक्तृत्वात बक्षिसं मिळवणाऱ्या संदीपनं तीनच ओळी लिहिल्या: आजींना पाय वरून खाली चेपलेले आवडतात. खालून वर चेपले तर त्या चिडतात. मी इतके रविवार उलटं चेपत होतो.

बाईंनी दहापैकी आठ दिले.

"दोन का कापले बाई?"

"का चिडतात, ते इचारलंस का?"

संदीप धावला आणि उत्तर घेऊन आला, "आजी म्हणतात, खालून वर चेपलं की झोप डोक्याबाहेर निघून जाते!" सगळा वॉर्ड हसला. लगेच दोन गुण वाढले.

शीतलनं तर थेट बाईंनाच विचारलं होतं, "बाई, तुम्हाला भीती वाटते का?"

"हाव. दुपारी दोन ते चार," बाई म्हणाल्या. "मग चहा येतो."

पुढच्या रविवारी सगळे परतल्यावर शीतल एकटीच दोनच्या ठोक्याला आली आणि चारपर्यंत बाईंचा हात धरून बसली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या कुठल्याही नमुन्यात ते नव्हतं.

"सर, तुमचा अहवाल?" एकदा बाईंनी मला गाठलं.

"मी कुणाजवळ बसलोच नाही बाई."

"कुणाजवळच न्हाई? घरातबी?"

मी तीन रविवार टाळाटाळ केली. मग शीतलचा फोन आला, "सर, बाईंना आता वाचता येत नाही. ऐकू येतंय अजून. तुमचं पान लवकर आणा."

मी ते लिहिलं. अकरा वर्षांत कुणाला न सांगितलेलं. रविवारी सकाळी बाईंच्या उशाशी बसून वाचायला लागलो. माझे वडील, आप्पा, औशाला अक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या घरी शेवटच्या आजारात होते. एका दुपारी ते मला म्हणाले, "सदरा घाल मला. बाहेर बसायचंय." मी म्हणालो, "ऊन उतरू द्या." आणि पेपर तपासायला लातूरला निघून गेलो. दुसऱ्या सकाळी आप्पा गेले.

मी थांबलो. पान संपलं होतं.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले. "मग... बसले का बाहेर?"

मला माहीत नव्हतं! ते बसले नाहीत असंच धरून मी इतकी वर्षं स्वतःला कोसत होतो, आणि विचारलं कधीच नव्हतं. मी व्हरांड्यात धावलो आणि अक्काला फोन लावला.

"बसले की!" अक्का म्हणाली. "तू गेलास की हट्टच धरला. सदरा घातला, ओट्यावर खुर्ची टाकली. तासभर बसले. जाईल त्याला हाक! शेजारच्या म्हशीला म्हणले, 'लई वाळलीस गं, मालक खायला घालत न्हाई का?' अन् मालक तिथंच हुबा!"

"अक्का, सांगितलं का नाहीस?"

"त्या दिवसाचं नाव काढलं की तू उठून जातूस. सांगू कवा?"

मी आत पळत आलो. बाईंचा श्वास खोल गेला होता. डॉक्टरांनी खुणेनं सांगितलं, आता फार वेळ नाही. (दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या.) तरी मी वाकून, मोठ्यानं, लहान पोरासारखं सगळं सांगितलं: सदरा, ओटा, खुर्ची, म्हैस, मालक. आजी हसल्या, मुलं हसली, मी रडत होतो की हसत होतो ते ठाऊक नाही.

"बाईंना ऐकू गेलं असेल का गं?" मी शीतलला विचारलं.

मला बरं वाटावं म्हणून ती काहीही सांगू शकली असती.

"म्हशीपाशी आलात तेव्हा डावी भुवई वर गेली सर," ती म्हणाली. "एकदाच."