दाराकडे बघणारी देवकी

नाना गेल्याचं मला परगावी असताना मंदिर समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ‘थोर कलावंत हरपला.’ खाली जोडलेल्या हातांचे इमोजी टाकणारे चाळीसेक अंगठाबहाद्दर... नाना जिवंत असताना यांतल्या एकानेही त्यांना कलावंत म्हटलं नव्हतं.

नाना धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहायला आले. कॉलनीच्या मंदिरात त्यांनी हौसेने भिंतभर कृष्णजन्म रंगवला. कोठडीच्या फरशीवर टेकून बसलेली देवकी, घामाने कपाळाला चिकटलेले केस, मांडीवर बाळ. पण तिची नजर बाळाकडे नव्हती, दाराकडे होती. अक्कांची, म्हणजे नानांच्या बायकोची, दोन लेकरं जन्मताच गेली होती. देवकीचा चेहरा कुणाचा, हे मला विचारावं लागलं नाही.

अध्यक्षांना मात्र ती आवडली नाही. “नाना, आई बाळाकडे बघते. हिला जरा हसवा. भक्तांना प्रसन्न वाटलं पाहिजे.”

“सहा लेकरं त्या दारातून नेली तिची,” नाना म्हणाले. “आता ती हसेल?”

महिन्याभरात चित्रावर फ्लेक्स ठोकला गेला. त्यात देवकी गोरीपान, ओठ रंगवलेले, तुरुंगात बसून अंगभर दागिने ल्यालेली. बाळ तर पावडरच्या जाहिरातीतलं. लोक त्यापुढे सेल्फी काढू लागले. नाना त्या मंदिराची पायरी पुन्हा चढले नाहीत.

आणि शोकसभा ठेवली कुठे, तर तिथेच. ज्यांनी फ्लेक्स ठोकला तेच नानांच्या साधनेवर गहिवरून बोलत होते. अध्यक्षांनी तर डोळेही पुसले. मग फ्लेक्सकडे हात करून घोषणा केली, “या चित्राखाली नानांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू!” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या...

अक्का उठल्या. “हाई चित्र तेस्नं नही शे. तेस्नं नाव नका लावा.” चित्र त्यांचं नाही, तर नाव कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

“वहिनी दुःखात आहेत,” अध्यक्ष माइकवर समजूतदारपणे म्हणाले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. एवढ्या माणसांत एकाचीही मान खाली गेली नाही.

अक्का परत खुर्चीकडे आल्या नाहीत. भाषण चालू असताना भिंतीपाशी गेल्या, फ्लेक्सच्या सुटलेल्या कडेतून कोपरापर्यंत हात आत घातला आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाल्या,

“रंग शे अजून.”