आत्याच्या गाण्यातली नावं

मुदखेडची माझी आत्या गाण्यात नावं घ्यायची. ऐकणाऱ्याने बक्षीस म्हणून नोट पुढे केली, की चालू ओळीत त्याचं नाव बसवून त्याला मान द्यायचा, ही आमच्याकडच्या जयंतीच्या गाण्यांची रीतच आहे. ज्याची नोट आधी, त्याचं नाव आधी. मग तो तहसीलदार असो की भंगारवाला. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई तालाला धक्का न लावता कुणाचंही नाव असं बसवायची, की मला हेवा वाटायचा.

मी नांदेडच्या केबल चॅनेलवर एडिटिंग करायचे. दर रविवारी सकाळी तिच्या गाण्यांचा अर्धा तास मीच लावायचे. चॅनेल म्हणजे काय, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या! पण पार उमरीपर्यंत लोक आत्याला ओळखायचे, बसमध्ये सरकून जागा द्यायचे. तेवढ्यावर ती खूश होती.

मग लातूरच्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं आणि वर्षभरात मुंबईच्या कंपनीने लातूरकरांना. ऑफिसात पेढे वाटले. आता आपण मोठ्या परिवारात आलो, असं मॅनेजर म्हणाले. परिवाराचे कर्ते कोण, हे सांगायची गरज नव्हती. आमच्या मतदारसंघातून निवडणूक लढवणाऱ्या साहेबांचे मेहुणे संचालक झाले होते. महिन्याभरात नांदेडला जी गाणी, जे विनोद, तेच लातूरला. आमची बोली फक्त मालिकेतल्या बावळट नोकराच्या तोंडी उरली. मला संताप यायचा आणि पगाराच्या दिवशी मी तो गिळायचे.

आत्याचा अर्धा तास मी कसाबसा वाचवला. अट एकच होती. जयंतीचा कार्यक्रम थेट दाखवायचा, साहेब येतील, गाण्यात त्यांचं नाव सगळ्यात आधी यायला हवं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय लई अवघड हाय? घेते की."

साहेब आले, पुढच्या रांगेत बसले. त्यांचा माणूस खिसा चाचपत होता, तेवढ्यात एका रिक्षावाल्याने स्टेजवर नोट ठेवली. आत्याने रीतीप्रमाणे आधी रिक्षावाल्याचं नाव घेतलं, मग साहेबांचं. एकाच ओळीत, एकाच सुरात. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबही हसले, कॅमेऱ्यापुरते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावून घेतलं. रविवारचा अर्धा तास बंद. जुने सगळे भागही पुसायचे, आणि ते मीच.

"सर, ती चूक नाही, रीत आहे," मी म्हणाले.

"मला कळतंय हो. पण वर कुणाला सांगू?"

तेही घाबरलेले होते. मी जागेवर येऊन एकेक भाग पुसला. राजीनामा द्यावा असं मनात आलं, दिला नाही. त्याची मला लाज वाटते.

रविवारी सकाळी कार्यक्रम लागला नाही. दुपारी आत्या मुदखेडहून थेट ऑफिसात आली. का लागला नाही, ते तिला कळलं होतं. ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची ओढली, पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "पोरी, चुकलंच माझं. त्या साहेबांच्या घरच्या समद्यांची नावं सांग मला. बायको, पोरं, मेहुणा, समदी. पाठ करून ठेवते. फुडच्या बारीला कुणीबी नोट दिवू दे, दुसऱ्या कुणाचं घेणार न्हाई."