काट्यावरची मुंगी

माझ्या भावाबद्दल चांगलं बोलण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती आधीच उरकून टाकते. वजनकाटे दुरुस्त करणारा त्याच्यासारखा कारागीर आमच्या भागात दुसरा नाही. किराणावाले, भंगारवाले, औषधांच्या दुकानातले, सगळे त्याच्याकडे येतात. काट्यावर हात ठेवून नुसता दाबला तरी आतली कुठली स्प्रिंग थकली आहे ते तो सांगतो. झालं चांगलं बोलून.

बाकी माणूस हेकट. एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की हात धुऊन तिच्या मागे लागणार, मग समोरच्याचा जीव मेटाकुटीला आला तरी चालेल. लहानपणी त्यानं मला सायकल शिकवली तेव्हा माझे दोन्ही गुडघे फुटले होते, आणि हा म्हणत होता, ‘अजून एक फेरी.’ मी त्याच्या वरच्या खोलीत राहते आणि शिवणकाम करते. लग्न केलं नाही. ही गोष्ट तो भांडणात हमखास बाहेर काढतो.

लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला मुलगी झाली. झाली तीच एवढीशी. तिला मुंगी हे नाव मी ठेवलं आणि दादाला ते मुळीच आवडलं नाही. म्हणूनच मी ते चालू ठेवलं. आता मुंगी चार वर्षांची आहे. चुरूचुरू बोलते, दिवसभर पळते, पण खायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. भाताचा एक घास गालात धरून ती अर्धा तास खिडकीबाहेर बघू शकते. अंड्याला हात लावत नाही. दुधावर साय दिसली की टेबलाखाली जाऊन बसते. बटाट्याच्या उकडलेल्या फोडी तेवढ्या खाते, त्याही मनात आलं तर.

आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना एरवी दुसऱ्याच्या घरचं काही पडलेलं नसतं, पण बारीक मूल दिसलं की प्रत्येकाच्या जिभेला धार येते. ‘पोरगी की पाप्याचं पितर?’ ‘खायला घालता की नाही हो?’ समोरच्या बाईनं तर वहिनीला जिन्यात गाठून विचारलं, ‘तुमच्या दुधातच काही कमी होतं का?’ वहिनी गरीब. ती घरात येऊन रडली. मी त्या बाईला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दादा रडला नाही. त्यानं कारखान्यातून एक काटा घरी आणला.

मोठा, उभा, तबकडीवर सुई फिरणारा. असे काटे आता कोणी वापरत नाही, पण ह्यानं तो खोलून, घासून, तेलपाणी करून असा लावला की दहा ग्रॅमचा फरकही दिसावा. तो जिन्याच्या पायथ्याशी ठेवला. रोज सकाळी मुंगी बनियन-चड्डीत त्यावर उभी राहायची आणि दादा पेन्सिलीनं भिंतीवर आकडा लिहायचा. स्वयंपाकघरात दुसरा, छोटा काटा आला. ताटली वाढली की तोलायची, जेवण झालं की परत तोलायची. मधला फरक म्हणजे पोरीच्या पोटात गेलेलं. एकदा ती ओकली, तेव्हा ह्या माणसानं ते पुसलेलं फडकं काट्यावर ठेवलं आणि कोरडं फडकं वजा केलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

‘अरे, ती पोर आहे की साखरेचं पोतं?’ मी म्हणाले.

‘तुला काय कळतं मुलांचं?’ तो म्हणाला. बघा, काढलंच.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुंगीचं वजन केलं. अकरा किलो चारशे. त्या म्हणाल्या, दोन महिन्यांत वाढ दिसली नाही तर दाखल करून घेऊ, सगळ्या तपासण्या करू, गरज पडली तर काही दिवस नाकातून नळी घालून भरवावं लागेल. आणखीही बरंच काही म्हणाल्या असतील. दादानं फक्त नळी ऐकली. दवाखान्यातून परतताना तो वहिनीला म्हणाला, ‘त्यांचा काटाही मला ठीक वाटत नाही.’

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण उरलं नाही, कुस्ती सुरू झाली. वहिनीनं मुंगीचे हात धरायचे आणि दादानं गाल दाबून चमचा आत सारायचा. मुंगी किंचाळायची, ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. सकाळी काट्याची सुई मागे असली तर दुपारी चमचे जास्त. सुई पुढे असली तर दादा शीळ घालत कामाला जायचा. एवढी साधी गोष्ट चार वर्षांच्या पोरीला समजायला कितीसा वेळ लागतो?

एका रविवारी दादाची स्वारी खुशीत होती. लाकडी पेटीतली पितळी वजनं त्यानं मुंगीपुढे मांडली. काटे तपासायची ही खास वजनं, मखमलीच्या खाचांत बसवलेली. रोजच्या कामाला दुसरी असतात, ही पेटी वर्षातून दोन-चारदाच उघडते. दोनशे ग्रॅमचं एक वजन त्यानं काट्यावर ठेवलं, काढलं, परत ठेवलं. ‘बघ, हे ठेवलं की सुई पुढे जाते.’ मुंगी खूप वेळ बघत होती. मग पेटी टेबलाखाली गेली, म्हणजे जिथं मुंगी जेवणाला घाबरून लपते तिथंच. कडीला कुलूप लावायचं मात्र ह्याला सुचलं नाही. ते शहाणपण फार उशिरा आलं.

पुढच्याच आठवड्यात मुंगीचं वजन दोनशेनं वाढलं.

घरात काय आनंद! वहिनीनं मला हाक मारून भिंतीवरचा आकडा दाखवला. त्या दुपारी पोरीचे हात कोणी धरले नाहीत. चार दिवसांनी वजन अजून दोनशेनं वाढलं. दादा मला म्हणाला, ‘आता बोल. पोतं म्हणत होतीस ना?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण आणायला खाली उतरत होते. जिना काट्याच्या मागच्या बाजूला येतो. दादा वाकून तबकडीवर डोळा लावून होता, वहिनी दादाच्या चेहऱ्याकडे बघत होती. मुंगी ताठ उभी, दोन्ही हात पाठीमागे. प्रत्येक मुठीत एक पितळी वजन. मुठी इवल्याशा, वजनं त्यात मावत नव्हती, बोटांच्या फटींतून पिवळं चमकत होतं. कोणीही तिला नुसतं ‘हात पुढे कर’ म्हटलं असतं तरी संपलं असतं. मान वळवून तिनं मला बघितलं. मी काही बोलणार का, हे ती बघत होती.

मी बोलले नाही.

दया आली म्हणून गप्प बसले असं मी लोकांना सांगू शकते, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला मजा आली. अख्ख्या बाजाराचे काटे पारखणाऱ्या माझ्या भावाला एक मुंगी शेंडी लावत होती, आणि ते रोज सकाळी बघायला मला आवडायला लागलं. मी मुद्दाम त्या वेळेला खाली यायला लागले. दोन आठवडे. तो भिंतीवर आकडे लिहायचा आणि मी मनात म्हणायचे, लिही बाबा, लिही.

दवाखान्याच्या दिवशी वहिनी म्हणाली, ‘ताई, तुम्ही पण चला. ह्यांचं तिथं कुणाशी वाजलं तर मला आवरत नाही.’ मी गेले. काय होणार ते मला माहीत होतं, तरी गेले. खरं तर म्हणूनच गेले. दादानं लाकडी पेटी पिशवीत घातली होती. त्यांच्या काट्याचा सोक्षमोक्ष आज लावणार होता तो.

नर्सबाईंनी मुंगीचा स्वेटर काढून वहिनीच्या मांडीवर टाकला, तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, ‘समोरची दांडी दोन्ही हातांनी धर, बाळ.’ मुंगीनं एकदा स्वेटरकडे बघितलं, एकदा दांडीकडे. मग दांडी धरली.

अकरा किलो साडेतीनशे.

‘मागच्या वेळेपेक्षा पन्नासने कमी,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘शक्यच नाही,’ दादा म्हणाला. ‘सकाळी घरी अकरा सातशे पन्नास भरलीय. तुमचा काटा खोटा आहे.’

‘दर महिन्याला तपासून घेतो आम्ही.’

‘कोण तपासतं? त्याला माझ्यासमोर उभा करा. लोकांची पोरं तुम्ही ह्या डबड्यावर तोलता आणि नळ्या घालता?’ आवाज असा चढला की बाहेरच्या बाकावरचे लोक दारात येऊन उभे राहिले. ‘थांबा, आत्ता दाखवतो.’ त्यानं पेटी टेबलावर आपटली आणि झाकण उघडलं.

मखमलीत दोन खाचा रिकाम्या होत्या.

तो बघतच राहिला. मग वहिनीवर घसरला. ‘कुणी हात लावला ह्याला? घरात माझं म्हणून काही सुरक्षित राहत नाही का?’ तेवढ्यात मुंगी काट्यावरून उतरली, स्वेटरच्या खिशात हात घातला आणि एकेक करून दोन्ही वजनं टेबलावर ठेवली.

‘मी आणली होती बाबा,’ ती म्हणाली. ‘पण इथं दांडी धरायला सांगतात.’

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सारली आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. ‘घरीही हातात धरतेस?’

‘हो. सुई मागे गेली की बाबा घास कोंबतो.’ मग दादाकडे वळून, अगदी गयावया करत म्हणाली, ‘ह्याहून मोठं दे ना मला. मी पाडणार नाही.’

डॉक्टरीणबाई उठल्या. त्या मुळातच तिखट, त्या दिवशी तर त्यांनी कसलीच भीडभाड ठेवली नाही. ‘तपासण्या आज इथंच करून घेते. घरातले दोन्ही काटे आजच्या आज बाहेर. पोरीला तिच्या हातानं खाऊ द्या, जेवढं खाईल तेवढं. कोणी भरवायचं नाही, मोजायचं नाही, तिच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. पंधरा दिवसांनी मी वजन करीन. तेव्हाही घटलेलं असलं तर दाखल करून घेईन, आणि मग तुम्हाला भेटायलासुद्धा सोडणार नाही.’ शेवटचं वाक्य दादाला उद्देशून होतं. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

घरी आल्यावर दादानं मोठा काटा एकट्यानं उचलला आणि कारखान्यात नेऊन टाकला. आल्यावर भिंतीवरचे आकडे पुसायला लागला. पेन्सिल पुरती जात नव्हती. मी जिन्यात उभी होते. मान न वळवता त्यानं विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘दोन आठवडे.’

‘का नाही बोललीस?’

‘तुझी जिरतेय ते बघायचं होतं मला.’

मला वाटलं आता फडकं माझ्या अंगावर येणार. मी तयारीतही होते, माझ्याकडे बोलायला खूप साठलेलं होतं. पण तो वळला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘दोन आठवडे मला वाटत होतं पोर भरतेय, म्हणून मी बघितलं नाही. तुला तर माहीत होतं भरत नाही ते. तू बघितलंस का, ती काय खातेय?’

मी रोज सकाळी खाली येत होते ते त्याचं तोंड बघायला. मुंगीनं त्या दोन आठवड्यांत किती घास खाल्ले हे मला कोणी शपथेवर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. माझ्या डोळ्यांसमोर ती उपाशी राहत होती आणि मी करमणूक करून घेत होते. दादाचा मला अजूनही राग आहे, पण आता तो राग त्याच्या एकट्याच्या वाट्याला जात नाही.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं टेबलाशी बसलो. वहिनीनं सगळ्यांना वाढलं, मुंगीपुढे छोट्या ताटलीत भात आणि बटाट्याच्या फोडी ठेवल्या. दादा आपल्या ताटात बघत होता, मी माझ्या. मुंगी बराच वेळ हात मांडीवर घेऊन बसली. मग एक फोड उचलली, तोंडाशी नेली आणि थांबली.

‘ही खाल्ली तर तुम्ही परत सुरू होणार?’

‘नाही,’ दादा म्हणाला.

तिनं वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘आत्या, खरं?’

‘खरं,’ मी म्हणाले.

तिचा काही आमच्यावर विश्वास बसला नाही. तिनं फोड ताटलीत ठेवली, ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरली, खुर्चीवरून उतरली आणि आतल्या खोलीत जाऊन पायानं दार लोटून घेतलं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दोन मिनिटं गेली असतील. वहिनीला राहवेना, ती बघायला उठली. दादानं तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.