भरतीच्या आत पोचायचं होतं

मंडळी, आज सकाळी लेकीने व्हेल बघायच्या सहलीची तिकिटं काढली आणि विचारलं, "बाबा, अंधेरीहून किती वाजता निघूया?" मला एकदम सत्तरच्या दशकातली सकाळ आठवली.

वर्सोव्याच्या वाळूत जिवंत देवमासा अडकला होता. भरतीत निघून जाईल म्हणून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, शहराच्या दुसऱ्या टोकाहून फियाट पळवली. पोचलो तर लोक त्याच्या पाठीवर चढून फोटो काढत होते. आप्पाही चढले.

पाणी चढू लागलं. दोर घेऊन आलेली कोळीण ओरडली, "उतरा रे, जाऊ द्या त्याला!"

"थांब गं, लांबून आलोय आम्ही," आप्पा हसत म्हणाले.

कोणीच उतरलं नाही. भरती ओसरली आणि देवमासा तिथेच मेला.

परतताना आप्पा खुशीत म्हणाले, "नशीब, जिवंत बघायला मिळाला!"

आप्पा घरी मुंगीही मारत नसत. मग त्या पाठीवर त्यांना काय झालं होतं, सांगाल?